विंडोज ११ वर जायचं की नाही: बटण दाबण्याआधीची तासाभराची तपासणी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले, त्यामुळे ‘चाललंय ना, मग राहू दे’ म्हणणारे पुष्कळ आहेत. उलट, स्क्रीनवर सूचना दिसली की लगेच बटण दाबणारेही आहेत. सोमवारी दुकान उघडल्यावर बिलाचा प्रिंटर हलेना की हेच लोक इंजिनिअरला फोन लावत बसतात. दोन्ही टोकं टाळायला तासाभराची तपासणी पुरते. घरचा लॅपटॉप, दुकानातला डेस्कटॉप, शाळेतला किंवा सोसायटीच्या ऑफिसातला एकुलता एक पीसी सांभाळणाऱ्यांसाठी ती इथे क्रमानं दिली आहे. एक कागद आणि पेन जवळ ठेवा, लिहून घ्यायचं बरंच आहे.

पायरी १: तक्रार नेमकी काय आहे?

‘कॉम्प्युटर फार स्लो झालाय, विंडोज ११ टाकून द्या.’ हे वाक्य रिपेअरच्या दुकानात नेहमी ऐकू येतं. विंडोज ११ टाकल्यानं स्लो कॉम्प्युटर फास्ट होत नाही. कोऱ्या डिस्कवर नव्यानं टाकलं तर काही दिवस हलकं वाटतं खरं, पण ते जुना कचरा निघाल्यामुळे, नव्या व्हर्जनमुळे नाही.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलेलं असेल आणि तिचा आकडा नुसतं कॉम्प्युटर सुरू केल्यावरही बराच वेळ शंभर टक्क्यांना चिकटून राहत असेल, तर दुखणं तिथे आहे. जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क टाका. रॅम ४ जीबी असेल तर ती ८ करा. नव्या लॅपटॉपच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो. अपग्रेडचा प्रश्न त्यानंतर शांतपणे सोडवता येतो.

दुसरी तक्रार असते ती सतत येणाऱ्या सूचनेची. तिच्यासाठी पुढचं वाचा.

पायरी २: आधार संपला म्हणजे काय झालं?

विंडोजमध्ये चोरवाटा सापडत राहतात आणि मायक्रोसॉफ्ट दर महिन्याला त्या बुजवतं. आधार संपल्यावर वाटा सापडायचं थांबत नाही, फक्त बुजवणारा येत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मे २०१७ मधल्या वॉनाक्राय हल्ल्याचं. त्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांची कामं त्यात अडकली. ज्या वाटेनं तो शिरला ती बंद करणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्च २०१७ मध्येच दिलं होतं. बळी पडलेल्यांत सर्वाधिक कॉम्प्युटर विंडोज ७ चे होते, आणि विंडोज ७ ला तेव्हा आधार होता! म्हणजे व्हर्जन जुनं होतं एवढ्यानं कुणी बुडालं नाही, अपडेट न घेतल्यानं बुडाले. विंडोज ११ घेऊन अपडेट बंद करून ठेवणारा आणि विंडोज १० वरच बसलेला, दोघं एकाच नावेत.

‘अँटिव्हायरस आहे ना आमच्याकडे’ हा युक्तिवाद अर्धाच खरा. विंडोज डिफेंडरला व्हायरसच्या नव्या ओळखी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहणार आहेत, पण अँटिव्हायरस आत आलेल्याला ओळखतो, भिंतीतलं भोक बुजवत नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरत असाल तर वर्ड आणि एक्सेलची सुरक्षा अपडेट्स विंडोज १० वरही १० ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर मात्र त्यांचाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला आहे. ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात आलेली नाही.

पुढे काय होतं, हे विंडोज ७ नं दाखवलं आहे. त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला आणि २०२३ च्या सुरुवातीला क्रोमनं त्याच्यासाठी नवी आवृत्ती देणं थांबवलं. ब्राउझर जुना राहिला की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइट एकेक करून कुरकुरायला लागतात. तेव्हा घाई आजच्या आज नाही, पण कायमचं टाळताही येणार नाही.

पायरी ३: तुमचं मशीन यादीत बसतं का?

‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, मग अगदी खाली ‘अबाउट’. इथून चार गोष्टी कागदावर उतरवा: प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम, सिस्टिम ६४ बिट आहे की ३२, आणि विंडोजचं व्हर्जन.

विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची डिस्क लागते असं मायक्रोसॉफ्ट सांगतं. ४ जीबीवर ते सुरू होतं, काम करवत नाही. ८ जीबी असेल तरच पुढे जा.

अडतं ते प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर आय३, आय५ नंतरच्या आकड्यात पिढी लपलेली असते. आय५-८२५०यू म्हणजे आठवी पिढी, आय५-१०२१०यू म्हणजे दहावी, आय३-६००६यू म्हणजे सहावी. आठवी किंवा पुढची हवी. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर त्याआधीचे सगळे बाद. बिलावरच्या वर्षावर जाऊ नका, कारण २०१८ मध्ये विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्येही आय३-७०२०यू म्हणजे सातवी पिढी असू शकते. एएमडीचं गणित जरा वाकडं आहे. रायझन २००० मालिकेपासून पुढचे साधारणपणे चालतात, पण त्याच मालिकेतले लॅपटॉपसाठीचे काही, उदाहरणार्थ रायझन ५ २५००यू, यादीत नाहीत.

एवढी आकडेमोड नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं फुकट अ‍ॅप उतरवून घ्या. ते हो किंवा नाही सांगतं आणि नाही असेल तर कारणही देतं. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या, त्या नावाची नकली अ‍ॅप्सही फिरत असतात.

कारण ‘टीपीएम २.०’ असं आलं तर लगेच नवा कॉम्प्युटर बघायला जाऊ नका. टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि कुलपाच्या किल्ल्या जपणारा भाग. आठव्या पिढीनंतरच्या बहुतेक मशीनमध्ये तो प्रोसेसरमध्येच असतो, पण असेम्बल केलेल्या डेस्कटॉपमध्ये पुष्कळदा बंद ठेवलेला सापडतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करायचा असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव ‘पीटीटी’, एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’. बायोसला हात लावण्याआधी ‘सेटिंग्ज’मध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जपलेली असते. बायोसमधला बदल बघून विंडोज ती की मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

कारण ‘सिक्युअर बूट’ (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) असेल तर काम जरा नाजूक आहे. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ लिहिलेलं दिसलं, तर नुसतं बायोसमध्ये ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) केल्यानं कॉम्प्युटर सुरूच होणार नाही, आधी डिस्कची मांडणी बदलावी लागते. डेटा न पुसता ती बदलणारं साधन विंडोज १० मध्येच आहे, पण हे काम पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराला शेजारी बसवा. आणि सिस्टिम ३२ बिट निघाली तर थेट अपग्रेड होतच नाही, सगळं नव्यानं टाकावं लागतं. विंडोज ११ मध्ये ३२ बिटचा प्रकारच नाही.

पायरी ४: कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. विंडोज स्वतः बहुधा नीट बसतं. रडवतात ती त्याच्या आजूबाजूची माणसं, म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीला लावावी लागणारी किल्ली), टोकन, फॉन्ट आणि कधीकाळी कुणीतरी बनवून दिलेलं बिलिंगचं सॉफ्टवेअर.

कॉम्प्युटरच्या मागे जाऊन प्रत्येक वायर कुठे जाते ते लिहा. प्रत्येक वस्तूच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा विंडोज ११ साठीचा, निदान ६४ बिटचा ड्रायव्हर, म्हणजे ती वस्तू विंडोजशी जोडणारा प्रोग्रॅम, आहे का ते बघा. तुमचं आजचं विंडोज १० जर ६४ बिटचं असेल तर निम्मी काळजी मिटली, कारण त्यावर चालणारा ड्रायव्हर सहसा ११ वरही चालतो. ३२ बिटवरून येत असाल तर एकही गोष्ट गृहीत धरू नका. जुन्या ३२ बिट विंडोजवर चालणारे डॉसच्या जमान्यातले १६ बिटचे प्रोग्रॅम ६४ बिटवर मुळीच उघडत नाहीत. खताच्या दुकानात, पतसंस्थेत, सराफाकडे असं एखादं काळ्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर अजून सापडतं. तसं असेल तर ते बनवणाऱ्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊच नका.

टॅली असेल तर लायसन्सचा सीरियल नंबर आणि तो कोणत्या ईमेलशी जोडलेला आहे हे शोधून ठेवा. सगळं फॉरमॅट करून नव्यानं टाकणार असाल, तर आधी टॅलीतून लायसन्स ‘सरेंडर’ करा आणि डेटाचं फोल्डर बाहेर काढा. मार्च महिन्यात किंवा जीएसटी रिटर्नच्या तारखेच्या आसपास हा उद्योग करूच नये, हे सांगायला नको.

डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरत असाल तर घाबरायचं कारण नाही. सही टोकनमध्ये असते, कॉम्प्युटरमध्ये नाही. पण टोकनचा ड्रायव्हर आणि पोर्टलला लागणारं सही करायचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं. टोकनचा पासवर्ड आठवतोय ना, हेही एकदा पाहून घ्या. चुकीचा पासवर्ड वारंवार टाकला की टोकन लॉक होतं.

आता मराठी टायपिंगकडे. युनिकोडमध्ये टाइप करत असाल, म्हणजे इनस्क्रिप्ट किंवा विंडोजमध्ये २०१९ पासून मिळालेला मराठी फोनेटिक कीबोर्ड, तर काही अडत नाही, दोन्ही विंडोज ११ मध्ये आहेत. अडचण कृतिदेव, श्री-लिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टमधल्या फाइलींची. फॉन्ट नसला की त्या फाइलीत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. थेट अपग्रेडमध्ये फॉन्ट जागेवर राहतात, पण फॉरमॅट केलं की जातात. दुकानदारानं ‘सगळा डेटा परत टाकलाय’ असं शपथेवर सांगितलं तरी त्यात फॉन्ट धरलेले नसतात. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ उघडून मराठीचे सगळे फॉन्ट वेगळ्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. डोंगलवर चालणारं टायपिंग सॉफ्टवेअर असेल तर कंपनीला फोन करून विचारा की तुमचं व्हर्जन विंडोज ११ वर चालतं का, आणि डोंगलचा नवा ड्रायव्हर कुठे मिळेल.

छापखान्यात पेजमेकरवर अजून दिवाळी अंकाची पानं लागत असतील तर माझं स्पष्ट मत असं: त्या मशीनला हात लावू नका. अडोबीनं पेजमेकर केव्हाच सोडून दिलं. ते नव्या विंडोजवर कधी चालतं, कधी मध्येच मान टाकतं. त्या मशीनचं इंटरनेट काढून टाका, फाइलींची ने-आण अँटिव्हायरसनं तपासलेल्या पेनड्राइव्हनं करा, आणि मेल-बँकिंगसाठी दुसरा कॉम्प्युटर वापरा. इंटरनेट नसलेल्या मशीनला जुनं विंडोज चालतं.

पायरी ५: आता निर्णय

मशीन यादीत बसतंय आणि जोडलेल्या सगळ्या वस्तूंचं उत्तर मिळालंय? मग अपग्रेड करा. थांबून काही मिळत नाही. तुमचं विंडोज १० अस्सल असेल तर विंडोज ११ फुकट आहे. कुणी त्याच्या ‘की’चे पैसे मागत असेल तर देऊ नका. बसवून देण्याच्या कामाचे पैसे वेगळे, ते द्यावेत.

मशीन बसतंय, पण एखादी वस्तू अडते? किंवा मशीन बसत नाही आणि नवं घ्यायला सवड हवी आहे? त्यासाठी मायक्रोसॉफ्टनं जादा सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली. घरगुती वापरासाठी ती आणली तेव्हा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ अशी जाहीर झाली. विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन हवं आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं साइन इन करायला हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटशी जोडला तर ही सोय फुकट मिळते, नाही तर रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलरच्या आसपासची रक्कम. एका नोंदणीत दहा कॉम्प्युटरपर्यंत चालतं. ‘सेटिंग्ज’, ‘अपडेट अँड सिक्युरिटी’, ‘विंडोज अपडेट’ इथे नोंदणीचा दुवा दिसतो. कंपन्यांसाठीची योजना वेगळी: पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. यातून नवी सोय काही मिळत नाही, मिळतो तो फक्त वेळ.

मशीन बसत नाही, तरी टाकून देतो असं कुणी म्हणालं तर? रजिस्ट्रीत बदल करून किंवा खास पेनड्राइव्ह बनवून यादीबाहेरच्या मशीनवरही विंडोज ११ टाकता येतं, आणि बाजारात हे सर्रास चालतं. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट मिळतीलच असं वचन देत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून तर फार जुने प्रोसेसर सुरूच होत नाहीत. अपडेट मिळावीत म्हणून खटाटोप करायचा आणि नेमकं त्याच गोष्टीचं वचन नसलेल्या ठिकाणी जाऊन बसायचं, यात मला हशील दिसत नाही. स्वतः फॉरमॅट करून स्वतः सावरू शकणाऱ्यानं घरच्या जास्तीच्या लॅपटॉपवर करून बघावं. गिऱ्हाईक समोर उभं असताना लागणाऱ्या मशीनवर नको.

आणखी एक वाट आहे, विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची. जुना लॅपटॉप फक्त ब्राउझर, यूट्यूब, मेल आणि थोडं लिखाण यासाठी लागत असेल तर लिनक्स मिंट त्याला आणखी काही वर्षं देऊ शकतं. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत. पेनड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला धक्का न लावता ते आधी वापरून पाहता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी टायपिंग तेवढं तपासा. टॅली आणि सहीचं टोकन लागणाऱ्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

पायरी ६: अपग्रेडच्या दिवशी

आधी बॅकअप. ‘डी ड्राइव्हला टाकून ठेवलंय’ हा बॅकअप नव्हे. सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा, मग ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइली उघडून बघा. डेस्कटॉप आणि ‘डाउनलोड्स’ विसरू नका, निम्मं घर तिथेच असतं. ब्राउझरमधले पासवर्ड अकाउंटशी जोडलेले आहेत का तेही पाहा.

सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी मोकळी जागा करा. लॅपटॉप चार्जरला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे लोडशेडिंगची वेळ ठरलेली असेल तर ती टाळून सुरुवात करा. थेट अपग्रेड ‘विंडोज अपडेट’मधूनच घ्या. मशीन यादीत असूनही तिथे अपग्रेड दिसत नसेल, तर बऱ्याचदा तुमच्या एखाद्या ड्रायव्हरची अडचण माहीत असल्यानं मायक्रोसॉफ्टनंच ते रोखलेलं असतं. दुसऱ्या मार्गानं जबरदस्ती करू नका, काही आठवडे थांबा.

एकदा सुरू झालं की कॉम्प्युटर दोन-तीनदा बंद होऊन चालू होतो. टक्केवारी एका आकड्यावर अर्धा तास अडकली तरी बटण दाबून बंद करू नका. जुन्या हार्डडिस्कवर हे प्रकरण दुपारभर चालू शकतं. शनिवारी संध्याकाळी सुरू केलेलं बरं.

झाल्यावर चौथ्या पायरीतला तो कागद काढा आणि एकेक वस्तू चालवून बघा: एक बिल छापा, एक पान स्कॅन करा, टोकननं पोर्टलवर लॉगिन करा, जुन्या फॉन्टमधली एक फाइल उघडा. ‘स्टार्ट’ मधोमध गेलेलं खटकत असेल तर टास्कबारच्या सेटिंगमधून ते डावीकडे आणता येतं. राइट क्लिकच्या मेनूत ओळखीचं काही सापडलं नाही तर सगळ्यात खाली ‘शो मोअर ऑप्शन्स’ आहे.

ही तपासणी पहिल्या दोन-तीन दिवसांतच उरका, कारण परतीची मुदत दहा दिवसांची असते. तोपर्यंत ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘रिकव्हरी’ इथल्या ‘गो बॅक’नं विंडोज १० परत आणता येतं. तुमच्या फाइली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात. जागा मोकळी करायच्या नादात त्या दहा दिवसांत ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ पुसू नका, परतीचा रस्ता त्याच फोल्डरमध्ये आहे. दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढून टाकतं.